बॉयलरला दाखला लागतो, पुलाला का नाही?

 

मागच्या आठवड्यात अमरावतीहून अकोल्याला गेलो होतो. हा रस्ता आपल्याकडे 'गिनीज बुकातला रस्ता' म्हणून ओळखला जातो. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत इथे १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक लेन सलग डांबरली गेली. सातशेवर माणसं रात्रंदिवस राबली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरच्या थोडा वर. तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो टाकले, मीही टाकला. आता त्या विक्रमात 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. डांबराचं काम थांबलं की कालचा थर थंड होतो, आजचा गरम थर त्याला नीट धरत नाही, मधे सांधा राहतो. पहिलं पाणी त्याच सांध्यातून आत शिरतं आणि पहिला खड्डाही बहुधा तिथेच पडतो. म्हणून काम न थांबवता सांधे टाळले, तर त्यात शहाणपणच आहे.

पण पूल आला की गाडी 'धडक-धडक' करतेच. तो आवाज मुद्दाम ठेवलेल्या सांध्याचा. तीस मीटरचा काँक्रीटचा गाळा हिवाळ्यातून आपल्या मे महिन्यात जाताना सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्याला जागा ठेवली नाही तर तो शेजारच्या गाळ्याला किंवा खांबाच्या डोक्याला रेटणार. तिथे जी फट ठेवतात तिला एक्स्पान्शन जॉइंट म्हणतात. आपल्याकडे बऱ्याच पुलांच्या या फटीत माती भरलेली असते आणि मातीत पिंपळ उगवलेला असतो.

त्या धडक-धडकवरूनच हा विषय डोक्यात बसला. मी इंजिनिअर नाही. पण वीस वर्षं बातम्या लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. काही कोसळलं की आपण 'निकृष्ट लोखंड', 'निकृष्ट सिमेंट' असं लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात चौकशीचे अहवाल वाचा. कितीतरी वेळा माल बरा निघतो, तुटलेला असतो तो सांधा.

याचा इतिहास शोधायला लांब जायची गरज नाही. मूर्तिजापूरला उतरलं तरी चालतं.

मूर्तिजापूर म्हणजे आपल्या शकुंतलेचं जंक्शन. एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला, मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. रुळांमधलं अंतर अडीच फूट. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायला ही गाडी उभी केली. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना तो 'खटक-खटक, खटक-खटक' ताल आठवत असेल. तोही सांध्याचाच आवाज. दोन रुळांची टोकं जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून बोल्टांनी आवळतात. त्या पट्टीला फिशप्लेट म्हणतात. विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रजाने १८४७ साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी रुळांची टोकं नुसती एकाशेजारी एक टेकवलेली असत. चाक आलं की एक टोक खाली दबायचं, दुसरं वर राहायचं आणि चाक त्यावर हातोड्यासारखं आपटायचं.

आता गंमत बघा. ही पट्टी घट्ट हवी, पण इतकीही नको की रूळ हलूच नये. बारा मीटरचा रूळ ५० अंशांच्या फरकाने जवळपास ७ मिलिमीटर वाढतो, आणि आपल्या भागात रूळ उन्हात हवेपेक्षाही बराच तापतो. म्हणून फिशप्लेटच्या बोल्टांची छिद्रं थोडी मोठी ठेवतात. मग त्या छिद्रांच्याच काठावर तडे जातात. चाक आपटतं, छिद्राच्या काठावर ताण येतो, केसाएवढी चीर पडते आणि ती तिरकी वाढत जाते. वरून काहीच दिसत नाही, कारण चीर पट्टीच्या आड असते.

म्हणून रेल्वेत 'चावीवाला' असतो. रोज आपला ठरलेला टप्पा पायी चालायचा, सैल चावी ठोकायची, बोल्ट आवळायचा, आवाज ऐकायचा. एका निवृत्त चावीवाल्या काकांना मी विचारलं होतं, आवाजावरून काय कळतं? ते म्हणाले, "चांगला असला तं ठण्ण वाजते. सैल असला तं बद्द. त्याले काय शिकाव लागते भाऊ, कानच सांगते." हे काम कमी वाटत असेल तर फ्रान्सची गोष्ट सांगतो. १२ जुलै २०१३ ला पॅरिसजवळ ब्रेतिन्यी स्टेशनात भरधाव गाडी घसरली, ७ माणसं गेली. सगळ्या आधुनिक यंत्रणा असलेल्या देशात कारण काय निघालं? एका क्रॉसिंगवरची सुटलेली फिशप्लेट.

मोठ्या लाइनीवर आता हे सांधे फारसे उरले नाहीत. रूळ वितळवून जोडतात. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ च्या सुमारास शोधलेल्या थर्मिट पद्धतीचं वेल्डिंग आजही आपल्या लाइनीवर होतं. लोक विचारतात, मग उन्हाळ्यात तो सलग रूळ वाढत कसा नाही? वाढायला बघतो, पण स्लीपर आणि खडी त्याला दाबून धरतात. जो जोर लांबी वाढवण्यात गेला असता तो रुळाच्या अंगात ताण म्हणून कोंडून राहतो. आजच्या जड रुळात ३० अंशांच्या फरकाला हा जोर ५५ टनांच्या घरात जातो. म्हणून त्या खडीला कमी लेखू नका.

शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं होतं. १९२३ ला रुळावर आलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं! त्या काळच्या रीतीप्रमाणे बॉयलर रिव्हेटचा. पोलादी पत्रे एकावर एक ठेवून, छिद्रं पाडून, लालभडक रिव्हेट आत घालून, दुसऱ्या बाजूने ठोकून बसवायचे. रिव्हेट थंड होताना आकसतो आणि दोन्ही पत्रे करकचून आवळतो.

याच मँचेस्टरमध्ये त्याच्या ८०-८५ वर्षं आधी विल्यम फेअरबर्न नावाचा एक कारखानदार इंजिनिअर होता. तोपर्यंत सगळ्यांचा समज असा की ठोकून बसवलेला जोड पत्र्याइतकाच मजबूत. फेअरबर्नने १८३८ च्या सुमारास जोडलेले पत्रे यंत्रात धरून ओढून बघितले. साधं काम, पण आधी कुणी नीट केलं नव्हतं. निकाल असा निघाला की अखंड पत्र्याची ताकद १०० धरली तर दोन ओळी रिव्हेटांचा जोड ७० ला तुटतो आणि एका ओळीचा ५६ ला! म्हणजे कारखान्या-कारखान्यांत जे बॉयलर धडधडत होते ते लोकांना वाटत होते त्याच्या जेमतेम निम्मे मजबूत होते.

हे का होतं, हे शेतकऱ्याच्या पोराला पटकन कळेल. कापसाची चुंगडी शिवताना सुतळीचे टाके फार लांब-लांब घातले तर सुतळी तुटते. फार जवळ-जवळ घातले तर दाभणाच्या छिद्रांनीच ताग कमजोर होतो आणि शिवणीच्या रेषेत फाटतो. काठाच्या फार जवळ टाका घातला तर काठच उसवतो. रिव्हेटच्या जोडाचंही हेच. एक तर रिव्हेट कातरला जाईल, नाही तर छिद्रांच्या रांगेत पत्रा फाटेल, नाही तर छिद्र चेंगरून लांबट होईल, नाही तर काठ उसवेल. इंजिनिअर या चारही वाटांचा हिशोब करतो आणि जी सगळ्यात कमजोर निघेल तीच त्या जोडाची ताकद धरतो. सोपं उदाहरण घ्या. ६० मिलिमीटरवर एक रिव्हेट आणि छिद्र २० मिलिमीटरचं. मग त्या ओळीत पत्रा उरला ४०. तिथेच ताकद दोन तृतीयांशावर आली. भरीला, पाटात दगड आला की पाणी त्याच्या दोन्ही कडांनी जोरात वाहतं, तसा जोर छिद्राच्या कडांशी गर्दी करतो. रुंद पत्र्यातल्या गोल छिद्राच्या काठाशी ताण सरासरीच्या तिप्पट होतो. हे गणित किर्श नावाच्या जर्मन माणसाने १८९८ ला मांडलं. रुळाच्या बोल्टाच्या छिद्रापाशी चीर का पडते, त्याचं उत्तरही हेच.

बॉयलरच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. भरीत करताना वांगं टोचायचं विसरलं तर ते फुटतं, आणि फुटतं ते बहुधा उभं, देठापासून खालपर्यंत. गोल आडवं क्वचितच. नळकांड्याच्या आत वाफ कोंडली की कडेच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेच्या बरोबर दुप्पट असतो. म्हणून बॉयलरची लांबीची शिवण दुहेरी-तिहेरी ओळींची असते आणि गोल फिरणारी शिवण एका ओळीवर भागते. जुन्या जिनात एखादा गंजका बॉयलर पडलेला दिसला तर बघा, दोन्ही शिवणी वेगळ्या दिसतील.

आणि आपल्याकडे बॉयलर किती होते! अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. मग अमरावती, अकोला, खामगाव, अकोट, कारंजा, जिथे कापूस तिथे जिन-प्रेस आणि तिथे वाफेचं इंजिन. जिनात रुई उडते, माणसं खेटून काम करतात, बाया-पोरं असतात. अशा जागी बॉयलर फुटला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

इथे माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. १८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटला, त्यात अनेक माणसं मेली. तेव्हाचं सरकार काही फार दयाळू नव्हतं. तरी पुढच्याच वर्षी, १८६४ ला, बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे आले, त्यांचा घोळ झाला, म्हणून १९२३ साली सगळ्या देशाला एक बॉयलर कायदा झाला. तो शंभर वर्षं चालला. २०२५ ला त्याच्या जागी नवा आला, पण मूळ तत्त्व तेच आहे. बॉयलरला नोंदणी क्रमांक हवा. ठरलेल्या मुदतीत इन्स्पेक्टरने तपासायचा. दाखला असेल तरच चालवायचा, आणि दाखल्यावर लिहिलेल्या दाबाच्या वर न्यायचा नाही. मुदत संपली की आग विझवायची. मालक कितीही मोठा शेठ असो.

तपासणीही नुसती बघण्याची नसते. बॉयलर पाण्याने गच्च भरतात आणि पंपाने नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देतात. पाणी का, वाफ का नाही? कारण पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे सांधा उसवलाच तर धार उडते, स्फोट होत नाही. म्हणजे सांधा कमजोर आहे हे माणसं मरायच्या आधी कळतं. मला ही कल्पना फार आवडते.

इंग्लंडने तर १८८२ ला कायदा केला की देशात कुठेही बॉयलर फुटला की चौकशी होणार, आणि त्या चौकशांचे अहवाल छापले जात. कुठला सांधा, कुठला पत्रा, शेवटची तपासणी कधी, सगळं. दुसऱ्या गावचा फायरमन ते वाचून आपला बॉयलर तपासू शकायचा.

आता पुलांकडे या.

१५ डिसेंबर १९६७, अमेरिका. ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत मिनिटभरात नदीत गेला. ४६ माणसं मेली. पूल १९२८ चा. दोरखंडांऐवजी तो लोखंडी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता, पट्टीच्या टोकाला डोळा आणि डोळ्यात खिळा. तपासात निघालं की एका पट्टीच्या डोळ्यात, खिळ्याच्या सांध्यापाशी, फक्त अडीच मिलिमीटर खोल चीर होती. गंज आणि ताण दोघांनी मिळून चाळीस वर्षं ती वाढवली होती. सांधा उघडल्याशिवाय ती दिसलीच नसती. तिथेही आधी लोक हळहळले, पण मग कायदा झाला. देशातल्या सार्वजनिक पुलांची ठरलेल्या मुदतीत, साधारण दर दोन वर्षांनी, तपासणी आणि त्याची राष्ट्रीय नोंद. आज तिथला कोणीही माणूस आपल्या गावच्या पुलाची अवस्था स्वतः पाहू शकतो.

तरी नुसत्या तपासणीने भागत नाही, हेही खरं. १ ऑगस्ट २००७ ला मिनियापोलिसचा पूल पडला, १३ जण गेले. गर्डर जिथे जुळतात तिथल्या गसेट प्लेटा अर्ध्या इंचाच्या होत्या, हव्या होत्या साधारण दुप्पट. मूळ आराखड्यातलीच चूक. वाईट याचं वाटतं की काही वर्षं आधीच्या फोटोंत त्या प्लेटा वाकलेल्या स्पष्ट दिसत होत्या. फोटो काढला गेला, फाइलला लागला, त्याचा अर्थ कुणी लावला नाही.

आपल्या शेजारी ९ जुलै २०२५ ला गुजरातमध्ये महिसागर नदीवरचा गंभीरा पूल तुटला. वाहनं थेट नदीत गेली, किमान २० माणसं मेली. पूल १९८५ चा, म्हणजे माझ्यापेक्षा फार मोठा नाही. सरकारनेच प्राथमिक कारण सांगितलं की गाळा ज्या आधारावर टेकतो ते पेडेस्टल आणि तिथला जोड चिरडला गेला. पुन्हा सांधा!

आणि घरचं उदाहरण. २०२२ साली अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णेवरचा ब्रिटिशकालीन पूल तडे गेल्यामुळे बंद करावा लागला. तेव्हा अकोटच्या लोकांचे काय हाल झाले ते अनेकांनी भोगलंय. दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळं फेऱ्याने. पण बंद केला हे चांगलंच केलं. जीव गेला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तडा दिसेपर्यंत वाट का बघावी लागली? त्याआधीच्या तपासणीत काय लिहिलं होतं? आणि आज जिल्ह्यातल्या बाकीच्या जुन्या पुलांच्या फायलीत काय लिहिलंय?

तपासण्या होत नाहीत असं मी म्हणत नाही. पावसाळ्याआधी-नंतर पूल बघायचे नियम आहेत. राष्ट्रीय महामार्गांच्या पुलांची नोंद ठेवायची केंद्राची व्यवस्था २०१६ पासून आहे. खात्यात जीव तोडून काम करणारे इंजिनिअर मी पाहिलेत. कंबरेएवढ्या पाण्यात उतरून खांब बघणारे. प्रश्न असा की त्यांनी जे पाहिलं ते पुलावरून जाणाऱ्याला कळतं का? मी एका कार्यालयात एका पुलाच्या स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत मागितली. पहिल्यांदा 'साहेब दौऱ्यावर'. दुसऱ्यांदा 'फाइल अमरावतीला'. तिसऱ्यांदा तिथला कर्मचारी सरळच म्हणाला, "भाऊ, पुलाले काय दाखला लागते काय? पूल हाये तसा हाये."

तो चुकीचं बोलला नाही. बॉयलरला दाखला लागतो, जिनातला मालक तो भिंतीवर लावून ठेवतो. पुलाला लागत नाही. बॉयलर फुटला तर जिनातली माणसं मरतात. पुलावरून रोज हजारो जातात, एसटी जाते, शाळेची व्हॅन जाते, उसाचा नाहीतर कापसाचा दुप्पट भरलेला ट्रकही जातो. तरी पुलाच्या तोंडाशी बोर्ड काय, तर उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं त्याचा. मार्बलचा, सोनेरी अक्षरांत.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी एक पत्र्याचा बोर्ड लावा. बांधल्याचं साल, किती टनांपर्यंत परवानगी, शेवटची तपासणी कुठल्या तारखेला, बेअरिंग आणि सांधे ठीक आहेत की नाहीत, आणि पुढची तपासणी कधी. अहवाल जिल्ह्याच्या वेबसाइटवर टाका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने ही माहिती न मागता द्यायचीच आहे, २००५ पासून. कोणी म्हणेल लोक घाबरतील. घाबरू द्या की. घाबरलेला माणूस निदान ओव्हरलोड ट्रक बघून फोन करेल.

परतताना एका पुलाखाली उतरून बघितलं. फटीतून पाणी झिरपून गर्डरच्या टोकावर काळे ओघळ आलेत, बेअरिंगभोवती माती बसलीय, आणि पिंपळ माझ्या खांद्याएवढा झालाय. मुळं कुठवर गेली असतील ते आतून सांधा उघडल्याशिवाय कळणार नाही. फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. पुलाचं नाव मुद्दाम लिहिलं नाही, कारण आधी खात्याला अर्ज देतोय. अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्ह्यांतल्या पन्नास वर्षांवरच्या सगळ्या पुलांच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि अहवाल, असा एकच अर्ज, सोमवारी टाकणार. तुमच्या गावचा जुना पूल यादीत हवा असेल तर नदीचं नाव, रस्ता आणि जमलं तर सांध्याचा एक फोटो रविवारपर्यंत पाठवा. फोटो काढताना मात्र कठड्यावर चढू नका. ३० दिवसांत जे उत्तर येईल, किंवा येणार नाही, ते इथेच टाकतो.